आरशावरची जांभळी साडी

जिम म्हटली की आरसा आलाच. तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या बेला गावातल्या मॅडमच्या जिममध्येही तो होता, चांगला भिंतभर. फक्त त्याच्यावर एक जांभळी नायलॉनची साडी टाचण्या लावून टांगलेली असायची. साडी त्यांची स्वतःचीच, शाळेत पीटी शिकवत होत्या तेव्हाची. नवा माणूस आला की आधी साडीकडे बघायचा, मग मॅडमकडे. मॅडम मात्र त्याच्या चेहऱ्याकडे न बघताच म्हणायच्या, "वळ." नाव-गाव नंतर. एकदा खुद्द सरपंच पोट उतरवायला आले. त्यांना मानाप्रमाणे "वळा" म्हटलं, एवढीच काय ती सवलत.

मीही वळलो होतो. ऐटीत वळलो होतो. आमचा भाजीचा धंदा, लहानपणापासून वांग्या-टमाट्यांचे क्रेट मी उजव्या खांद्यावर वाहिलेले. ताकद आपल्या घरचीच आहे, असा माझा समज. तरी पोलीस भरतीत माझा गोळा रेषेच्या अलीकडेच पडला होता. पुढची भरती तोंडावर होती आणि वयाच्या हिशोबाने मला ती शेवटची. त्यात बाबांनी आठवडी बाजारात गिऱ्हाइकांना सांगून टाकलं होतं, "आमचा पोट्टा पोलिसात लागला म्हणून समजा." आता मी लागलो नसतो, तर बाबांना मेथीबरोबर लाजही विकावी लागली असती.

मॅडमनी माझ्या पाठीवर दोन बोटं टेकवली.

"समोर तं दुकान सजवलं बापा, मागचं गोदाम रिकामं हाय. उजवा खांदा खाली, दोनी खांदे पुढं वाकले. गोळा काऊन जाईन?"

साडीमागचं तत्त्वज्ञान मला त्या दिवशी कळलं. "पोट्टे आरशात दिसते तेच वाढवतात," त्या म्हणायच्या. छाती दिसते, खांद्याचा पुढचा भाग दिसतो. मग रोज ढकलाढकली. खांद्याची मागची बाजू बिचारी पोरकी. म्हणून त्यांच्याकडे नियम होता: एकदा ढकललं की दोनदा ओढायचं. खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधलेली असे. तिची दोन टोकं धरून, कोपरं बाहेर काढून, ती कपाळापर्यंत ओढायची, क्षणभर थांबायचं आणि सावकाश सोडायची. मग कमरेत वाकून, हलके डंबेल पंखांसारखे बाजूला उचलायचे. उभं राहून उचलताना हात खांद्याच्या रेषेत आले की बस. मी जोशात वर नेले, तर म्हणाल्या, "वर काय हाय? पंखा हाय. त्याले हात लावाचा हाय का तुले?"

व्यायाम चालू असताना त्यांचा प्रश्न एकच: "जळते का टोचते?" मांस जळत असेल तर चालू ठेवायचं. सांध्यात टोचलं तर वजन तिथल्या तिथे खाली. मधलं काही नाही. जवळच्या तलमडुगु गावची तेलुगू पोरं त्यांना टीचरम्मा म्हणत; त्यांनाही हे दोन मराठी शब्द पाठ होते.

पण मला हलके डंबेल उचलायची लाज वाटे. दुपारच्या बॅचला बाया यायच्या, त्यांच्यासाठी आणलेले गुलाबी डंबेल मॅडमनी माझ्या हातात दिले होते. एका सकाळी मी लवकर आलो. जिममध्ये चिटपाखरू नव्हतं. साडीचा पदर वर करून खिळ्याला अडकवला, आरशात स्वतःला डोळे भरून पाहिलं आणि सर्वांत जड डंबेल डोक्यावर ढकलायला लागलो. दृश्य खरंच देखणं होतं. तेवढ्यात डाव्या डंबेलात पदर अडकला, टाचण्या पटापट निघाल्या आणि अख्खी साडी माझ्या डोक्यावर. आंधळा झालेला उजवा हात मागे कलंडला आणि खांद्यात सणकन टोचलं. डंबेल कसेबसे गुडघ्यांपर्यंत आणले, तोच दारातून मॅडमचा आवाज आला.

"सूनबाई, ते खाली ठेवा आधी. मंग पाया पडा."

त्यांच्या मागून पोरांचा हशा फुटला. त्या दिवसापासून बेल्यात मी सूनबाई. आमच्या दुकानावर येऊन लोक बाबांना विचारत, "सूनबाई कशी हाय?" बाबा बावचळून म्हणत, "अजून पोट्ट्याचं लगनच नाई झालं ना."

हशा ओसरल्यावर मॅडमनी खुर्ची ओढली. त्यांचे केस अगदी बारीक कापलेले असत. गावाला वाटे, निवृत्तीनंतरची फॅशन.

"हे केस काऊन कापले, माहीत हाय?" त्यांनी उजवा हात वर नेला. कानापर्यंत गेला आणि थांबला. "अंबाडा बांधाले हात मागं जात नाई. मी बी भाला फेकत होती. मी बी तुह्यासारखीच शहाणी होती. टोचत होतं, तरी फेकून राह्यली होती. तुले गोळा फेकाचा हाय का केस कापाचे हायत?"

मी मुकाट्याने गुलाबी डंबेल उचलले. तेही लगेच नाही. टोचणं थांबेपर्यंत नुसते हात फिरवणं, मग ट्यूब, मग गुलाबी. भरती जवळ येत होती आणि मी बायांच्या वजनांवर. "मॅडम, गोळा काई गुलाबी नसते," मी कुरकुरलो. "खांदा बी लोखंडाचा नसते," त्या म्हणाल्या. हळूहळू वजन वाढलं, इतकं हळू की मला कळलंच नाही. एक दिवस तेच जड डंबेल वर गेले आणि मी खांद्यात काय होतंय ते शोधत राहिलो. काहीच होत नव्हतं.

मॅडम भरतीच्या आधीच मुलीकडे नांदेडला गेल्या. जाताना जिमची किल्ली तलमडुगुच्या एका पोराला दिली. मला म्हणाल्या, "तुले देली असती तं साडी राह्यली नसती."

मैदानावर पहिला गोळा बाद, पाय वर्तुळाबाहेर पडला म्हणून. दुसरा रेषेवर येऊन पडला, मोजणाऱ्याने नकारार्थी मान हलवली. तिसऱ्याच्या आधी मी खांद्याला मनातच विचारलं, जळते का टोचते. गरम होता, टोचत नव्हता. सगळं अंग मागे घेतलं आणि ढकललं. गोळा रेषेच्या पलीकडे मऊ मातीत असा रुतला, की उचलणाऱ्याला दोन्ही हात लावावे लागले. लेखी परीक्षेतही तरलो. तिथे आरसा नव्हता, हे माझं नशीब.

वर्दी अंगावर आली त्या दिवशी फोटो काढला. छाती पुढे, टोपी सरळ, मिशीला पीळ. सगळ्यांत आधी मॅडमना पाठवला. "शाबास" येईल म्हणून फोन हातातच धरून बसलो. उत्तर आलं.

"वळ."

बाबांना म्हटलं, पाठीमागून एक काढा. ते म्हणाले, "पागल झाला का? पाठीचा फोटो कोन काढते?" तरी काढला. यावेळी उत्तराला वेळ लागला. मॅडम चष्मा लावून, फोटो मोठा करून, बोटाने रेषा मारत असणार.

"गोदाम भरलं. पन उजवा अजून जरासा खाली हाय. ओढत राहा."

क्वार्टरच्या खिडकीला ट्यूब बांधली आहे. समोरच्या भिंतीवर आरसा आहे. त्याच्यावर आईची जुनी हिरवी साडी टांगली आहे. यावेळी टाचण्या नाहीत, खिळे ठोकलेत.