अर्धा कोयता

लोहाऱ्याहून धाराशिवला निघालेली एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली आहे. खिडकीतून ताज्या उसाचा गोडसर, हिरवट वास येतोय आणि माझ्या बॅगेत सुट्टी संपवून परदेशी परतायचं विमानाचं तिकीट आहे. या वासानं मला आमच्या गल्लीतल्या काकू आठवतात आणि डोक्यात नुसता गुंता होतो.

ऊसतोडीला आमच्याकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. लहानपणापासून ऐकत आले, कधी काही वावगं वाटलं नाही. मग विद्यापीठात गेले, मानवी हक्कांच्या गटात शिरले, सभा, पत्रकं, घोषणा. आणि त्याच विषयासाठी परदेशी प्रवेशही मिळाला. पहिल्यांदा तिकडं निघण्याआधीच्या दिवाळीत घरी आले, तर काकूंचे यजमान पावसाळ्यातच तापानं गेलेले. टोळी जमवणारा मुकादम दारातूनच सांगून गेला होता, "अर्धा कोयता न्हाय चालत." घरात दोन लेकरं. हंगाम बुडाला तर चूल कशी पेटणार?

माझं डोकं तडकलं. "काकू, तहसीलला चला, अर्ज देऊ. तुम्ही एकट्या पुऱ्या माणूस आहात!"

"व्हय बाई, हाय की," त्या म्हणाल्या. "पर अर्ज दिल्यावर टोळीत कोण घील मला?"

हक्कांवर तासभर बोलणारी मी, अर्जासाठी काढलेला कागद घडी घालून परत वहीत ठेवला. पुढं थोड्याच दिवसांत त्याच हसत आल्या. त्यांची विधवा जाऊ सोबत यायला तयार झाली होती आणि मुकादमानंही मान डोलावली होती. "पोरी, भरला की कोयता!" दोन बाया मिळून एक. हसू की रडू, मला खरंच कळेना. तोडीला निघताना त्यांनीच मला विचारलं, "एवढ्या लांब एकलीच जातीस व्हय गं? मग तिकडं तुला अर्धीच धरत्यात का?" आम्ही दोघी खूप हसलो.

तिकडं वर्गात मी हे सांगायला गेले. कोयत्याला त्यांच्या भाषेतला शब्द दिला आणि सगळ्यांना वाटलं, मी अवजारांबद्दलच बोलतेय. समजावता समजावता माझीच जीभ अडखळली. प्रत्येक माणूस पूर्ण असतो, हे मला पाठ आहे, पटतंही. पण खोलीवर एकटीपुरता अर्धी वाटी भात टाकताना वाटतं, काकू त्या दिवशी हसल्या त्या काम मिळालं म्हणून, की सोबत मिळाली म्हणून?

ट्रॅक्टर एकदाचा बाजूला झाला. कंडक्टर आले.

"धाराशिव, एक."

"एक अर्धं," म्हणत त्यांनी मशीन दाबली.

सवलत आहे, माझ्याच भल्याची आहे, सगळं ठाऊक असून मी उगाच म्हटलं, "पूर्ण द्या की."

"अवो ताई, बायांना अर्धंच असतंय आता!" ते हसत पुढं गेले.

काकू यंदाही जावेबरोबर तोडीला गेल्यात, भेट झाली नाही. भेटल्या असत्या तर 'तिकडं तुला अर्धीच धरत्यात का?' असं त्यांनी पुन्हा विचारलं असतं, आणि मला अजूनही छातीठोकपणे 'न्हाय' म्हणता आलं नसतं.