प्रस्थानाची पिशवी

सगळ्यात आधी कोण आलं म्हणता... आमच्या कलाअक्का! माझ्या थोरल्या नणंदबाई, इस्लापूरच्या. सामान बांधायला शुक्रवारी या म्हटलं होतं, तर बुधवारीच दारात. एका हातात कैऱ्यांची पिशवी, आणि पाणी प्यायच्या आधी पहिला प्रश्न, "वैनी, अमावस्येला घर सोडून निघालीस व्हय गं?"

त्याचं असं झालं की आमच्या सूनबाईला, वैशालीला, बढती मिळाली. बँकेत आहे ती. बदली कंधारहून थेट ओडिशात, संबलपूरला... गौरीनं, माझ्या नातीनं, नकाशात दाखवलं तर माझी वीत पुरेना!

मुलगा, सून, नात आणि मी, सगळं बिऱ्हाडच निघालं. लोक म्हणतात, या वयात कशाला... अहो, नांदेड-लातूरच्या पुढं मी पाहिलंय काय? मी तर महिन्याभरापासून लग्नाला निघाल्यासारखी हुरळून गेले होते. लोणचं, पापड, काळा मसाला, सगळं डब्यात भरून तयार.

पण रेल्वे शनिवारची, आणि शनिवारीच अमावस्या. सोमवारी वैशालीला तिकडं हजर व्हायचं, म्हणजे दिवस बदलायची सोय नाही. मग अक्कांनीच तोड काढली... प्रस्थान ठेवायचं.

म्हणजे काय, तर चांगला दिवस बघून जाणाऱ्याचं एखादं कापड, सुपारी, मूठभर तांदूळ बांधायचे आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. माणूस त्याच दिवशी निघाला असं धरतात. मग गाडी कधीची का असेना! फक्त ते माघारी घरात आणायचं नाही, जाताना तिथूनच उचलायचं.

गुरुवार चांगला होता. वैशाली बँकेत शेवटचं काम आवरायला गेलेली. मी तिच्या कपाटातून मोरपंखी साडी काढली, तिच्या लई आवडीची. घडीत काहीतरी कडक लागलं... म्हटलं, दुकानवाले पुठ्ठा घालतात तो असेल. हळदीकुंकू लावलं आणि पिशवी समोर शबानाकडं दिली.

शबानाच्या नवऱ्याचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. वीस वर्षांचा शेजार आमचा, माझ्या हातची पुरणपोळी तिच्या घरी आणि तिच्या घरचा शीरखुर्मा आमच्या घरी, दर वर्षी. तिनं काही विचारलं नाही. "पायाखाली यायला नको मावशी," म्हणाली, डोक्यावर ओढणी घेतली आणि पिशवी सगळ्यात उंच फळीवर ठेवली.

आज, शुक्रवारी सकाळी, ट्रक आला. अर्धं सामान चढलं असेल नसेल, तोच वैशाली आतून पळत आली. फाईल सापडत नव्हती.

मार्कलिस्ट, बढतीचं पत्र, बदलीचा हुकूम... सगळे ओरिजनल. फोटो मोबाईलमध्ये आहेत, पण ओरिजनल दाखवल्याशिवाय तिकडं हजर करून घेत नाहीत म्हणे. या बढतीसाठी पोळ्या लाटता लाटता समोर पुस्तक उघडं ठेवायची हो पोरगी. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास.

"कुठं ठेवली होतीस?" मुलगा विचारतोय. "कपाटात, जपून!" ती सांगतेय. आणि कपाट तर रिकामं होऊन ट्रकात चढलेलं. मग खोकी उतरवली, उघडली. ज्वारीचं पोतंसुद्धा चाचपलं.

अक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वैनी... परवा रद्दी दिलीस ना गं भंगारवाल्याला?" दिली तर होती! वैशाली मटकन पायरीवर बसली.

तेवढ्यात शबाना सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन आली. आमची शेगडी खोक्यात गेलेली ना. तिनं सगळं ऐकलं आणि सरळ विचारलं, "पर कपाटात कशात ठेवली होती, भाभी?"

"मोरपंखी साडीच्या घडीत," वैशाली म्हणाली.

मी एवढंच बोलले... "अगं बाई, पुठ्ठा!"

शबानानं किटली तिथंच ठेवली आणि पळाली. मागं आम्ही सगळे. साडी उलगडली तर फाईल आत, जशीच्या तशी. बढतीच्या पत्राच्या कोपऱ्याला तेवढं माझं हळदीचं बोट लागलेलं. वैशाली म्हणाली, "असू द्या आई, शिक्का समजतील."

मुलगा फाईल घेऊन घराकडं निघाला, तर अक्का आमच्या दारात हात पसरून उभ्या! "खबरदार! परस्थान माघारी न्यायचं न्हाई."

"आत्या, फाईल हाय ती!"

"मग काय झालं? तिला सोमवारी हजर व्हायचंय का माघारी यायचंय?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा वैशाली खळखळून हसली. "राहू द्या शबानाकडंच," म्हणाली, "माझ्यापेक्षा तिनं जास्त जपलीय." फाईल परत फळीवर गेली.

मग आम्हीच सगळे तिकडं गेलो. शबानानं खिचडी आणि वर ओतायला चिंचेचा खट्टा केला, अक्कांनी कैरीची चटणी वाटली, तीसुद्धा शबानाच्या मिक्सरवर. ट्रकवाल्यालाही बोलावून वाढलं. माझ्या एवढ्या घोटाळ्यावर सून मला एक उणा शब्द बोलली नाही, हे मी विसरणार नाही.

उद्या सकाळी शबानाच्याच दारातून फाईल उचलून निघायचं. अक्कांनी डोळ्याला पदर लावला, माहेर लांब चाललं म्हणून... मग स्वतःच म्हणाल्या, लांब तर लांब, रेल्वे जाते ना! शबानाला त्यांनी सोबतीला धरलंय आणि तीही हौ म्हणालीय. नागपंचमीच्या आदल्या दिवशी दोघी संबलपूरला येणार.