विसळलेली बादली

स्वारगेटजवळच्या त्या खड्ड्यात मी दुरुस्तीसाठी तिसऱ्यांदा उतरत होतो, आणि शिडीच्या मध्यावरच मला राग आला होता. कुणाचा ते ठरलं नव्हतं. जुनी सोसायटी पाडून तिथे चार मजले खोल पार्किंग खणत होते. खाली जायला लोखंडी शिडी, आणि मशीन वर यायला एका बाजूला मातीचा चढ ठेवलेला. बाकी तिन्ही बाजूंना खडक. तळाशी फोनला रेंज नाही, वारा नाही, वर बघितलं तर आभाळाचा एक चौकोन आणि शेजारच्या इमारतीच्या गॅलऱ्या.

मशीन म्हणजे पोकलेन, अगदी नवी. या नव्या मशीनच्या धुरात युरियाचं द्रावण फवारलं जातं, म्हणजे धूर कमी विषारी होतो. युरियाची टाकी वेगळी असते आणि तिच्यात एक सेन्सर बसलेला असतो. द्रावण पातळ झालंय असं त्याला वाटलं की आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही कुणी ऐकलं नाही तर इंजिनाची ताकद काढून घेतली जाते. मशीन चालू राहते, पण नुसती गुरगुरते. चढ चढायचं नाव नाही.

मी सर्व्हिस इंजिनीयर. पहिल्यांदा दुरुस्तीला आलो तेव्हा लॅपटॉप जोडला, सेन्सरचा दोष दिसला, सेन्सर बदलला. मशीन तीन आठवडे छान चालली. पुन्हा तेच झालं. पुन्हा बदलला, पुन्हा तीन आठवडे. आता तिसरी खेप. निघताना आमच्या लोणी काळभोरच्या वर्कशॉपमधले साहेब शांतपणे म्हणाले होते, "सेन्सर खराब असू शकतो. दोन सेन्सर खराब असू शकतात. तिसरा खराब निघाला तर आपण इंजिनीयरच बदलून बघू."

वरच्या गॅलरीतून एका आजोबांनी विचारलं, "अहो, आज मशीन बंद का?"

"बिघडलीय," मी खालून ओरडलो.

"तसं नव्हे, शांतता वाटली म्हणून चौकशी केली. सावकाश होऊ द्या आपलं."

या वेळी आधी द्रावण तपासलं. खरं तर पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं. पेनाएवढं नळकांडं असतं, काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून युरियाच्या टक्क्यांचा आकडा वाचायचा. साडेबत्तीस हवा. सत्तावीस होता. काच पुसून पुन्हा बघितलं, तरी सत्तावीसच. म्हणजे सेन्सर पहिल्यापासून खरं बोलत होता. सेन्सर काढताना टाकी रिकामी करावी लागते, आणि नंतर मी सीलबंद बादलीतलं ताजं द्रावण भरत असे. मशीन बरी होत होती ती त्या द्रावणाने. शाबासकी मी सेन्सरला देत होतो, आणि थोडी स्वतःला.

शेजारी साइटचा सुपरवायझर उभा होता. सेन्सर निर्दोष सुटला तसा मीही सुटलो, या आनंदात मी बोलून गेलो, "पाणी आहे यात."

त्याने ऑपरेटरकडे बघितलं. "पाणी हाय म्हंजे चोरी हाय. युरिया बाहेर जातोय आन बदल्यात पाणी पडतंय. साहेब, रिपोर्टात तेवढं लिवा. संध्याकाळी याला गावाला धाडतो." आणि तो शिडी चढून वर गेला.

ऑपरेटर पन्नाशीचा, भंडाऱ्याकडचा. सहा महिन्यांपूर्वी बायको-मुलांना घेऊन पुण्यात आला होता. "युरियात पाणी कायले टाकीन जी मी?" तो म्हणाला. "मशीन बंद पडली तं मीच अडकतो नं इथं."

मला तो खोटारडा वाटला, हे इथे कबूल करतो. रिपोर्टच्या कागदावर 'टाकीत पाणी आढळले' एवढं लिहिलं आणि पुढे कारणाचा रकाना होता, तिथे थांबलो. वर जाण्याचा कंटाळा आला होता. गुडघा ठणकत होता, ऊन सरळ डोक्यावर आलं होतं, आणि ज्याची नोकरी मी आता घालवणार होतो त्याच्याशेजारी त्याच्याच मशीनच्या सावलीत मी बसलो होतो. दुसरी सावली खड्ड्यात नव्हती.

त्याने डबा उघडला. न विचारता अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, वर वरण. नाही म्हणायला तोंड नव्हतं. जेवण झाल्यावर त्याने वरणाच्या डब्यात घोटभर पाणी ओतलं, गोल फिरवलं आणि पिऊन टाकलं. माझे वडील आयुष्यभर असंच करायचे. आमच्या घरी आजही आमटीचं पातेलं विसळून ते पाणी आमटीतच जातं.



"भाऊ," मी विचारलं, "युरियाची बादली रिकामी झाली की काय करता?"

"विसळतो नं. दोन तांबे पाणी टाकतो, हलवतो, आन् टाकीत ओततो. तळाशी राहते नं थोडा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमीच सांगतलं होतं. थेंब वाया घालवू नका म्हणून."

दहा लिटरच्या बादलीला दोन तांबे, म्हणजे दोनेक लिटर पाणी. सत्तावीस कुठून आला ते कळलं. आणि मशीन ताब्यात दिली तो दिवसही आठवला. ऑपरेटरला युरियाची सगळी माहिती समजावून सांगायची असते, छापील सूचना वाचून दाखवायच्या असतात. मला हिंजवडीला दुसऱ्या साइटवर पोचायचं होतं आणि त्या रस्त्याला लागायला उशीर म्हणजे दिवस गेला. मी म्हणालो होतो, "महाग वस्तू आहे, थेंब वाया घालवू नका. इथे सही करा." कागद इंग्रजीत होता. 'पाणी मिसळू नये' हे त्यावर ठळक अक्षरांत होतं. त्याने खाली मराठीत सही केली, आणि मी निघालो.

सुपरवायझर खाली आला तो नेमका तोच कागद घेऊन. "ही बघा याची सही. सगळं समजलं म्हणून लिवून दिलंय." त्याने ऑपरेटरला दरडावलं, "पाणी टाक म्हणून कुणी सांगितलं होतं का तुला?"

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. एक श्वास घेण्याइतका वेळ मी गप्प राहिलो. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांसमोरून दोन सेन्सर गेले, साहेब गेले, इतक्या वर्षांची नोकरी गेली. ऑपरेटरने माझ्याकडे बघितलं. त्याला माझ्या तोंडावर काय दिसलं ते मला माहीत आहे.

"कोणी नाही जी," तो म्हणाला.

"म्हंजे चोरीच."

"मी सांगितलं," मी म्हणालो. "थेंब वाया घालवू नका, असं मीच बोललो होतो. म्हणून ते बादली विसळून ओततात. कागद मी वाचून दाखवलाच नाही."

सुपरवायझर हसला. "साहेब, तुमी लई भले मानूस. गरीब हाय म्हणून झाकताय त्याला. मला सगळं कळतंय."

इतका कोंडलेला मी कधी नव्हतो. जन्मात एकदा स्वतःविरुद्ध खरं बोललो, तर तो माझा चांगुलपणा ठरला. मी रिपोर्ट गुडघ्यावर ठेवला आणि कारणाच्या रकान्यात सगळं लिहिलं. सेन्सर निर्दोष, आधीचे दोन विनाकारण बदलले, ऑपरेटरला माहिती न देता सही घेतली, चूक माझी. खाली नाव, सही. सुपरवायझरने दोनदा वाचलं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "हे वर आमच्या साहेबांना दावावं लागंल." ऑपरेटरच्या गावाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. माझा विषय लोणी काळभोरला निघणारच होता.

टाकी रिकामी केली, धुतली, ताजं द्रावण भरायला घेतलं. बादली रिकामी झाल्यावर ऑपरेटरचा हात सवयीने पाण्याच्या तांब्याकडे गेला आणि मागे आला. त्याने बादली तशीच उलटी धरून ठेवली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मला वाटलं, आता आभार मानेल. तसं वाटलं हेही लिहायला हवं.

इंजिनाला ताकद आली. तो केबिनमध्ये चढला, दार लावता लावता थांबला.

"साहेब, तो कागद त्या दिवशी वाचून दाखवायले किती वेळ लागला असता?"

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, दार लावलं आणि मशीन चढावर घातली. मशीन वर पोचेपर्यंत मी खालीच उभा होतो.