वॉरंटीबाहेरची बेबीबाय

आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गिऱ्हाइकांसाठी एसी खोली आहे, मऊ सोफा आहे, कॉफीचं मशीन आहे. बेबीबाय त्या सोफ्यावर कधी टेकली नाही. गाडी आत सोडली की ती काचेला नाक लावून उभी राहायची, किल्ली बोटात गरगर फिरवत, आणि मेकॅनिक बॉनेट उघडतोय की स्वतःचा मोबाइल उघडतोय यावर नजर ठेवायची. पहिल्या वेळी मी म्हटलं, "काकू, बसा ना." तर माझ्यावरच उखडली. "बसाला मी घरान तरी बसतंय का? आनि माना अवोजावो नको करूस गो. मी काय तुजी सासू हाय?"

तर एकेरीच. शीळफाट्याच्या मागे तिचं गाव. गाव म्हणजे आता काय, बिल्डिंगांच्या मधे उरलेली घरं, एक देऊळ आणि एक तळं. शेती गेली, टॉवर आले आणि घरात पाण्याच्या टँकरचा धंदा आला. शेजारच्या दिवा गावात नळाला पाणी नसलं की यांचे टँकर जायचे. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा ड्रायव्हर दांड्या मारायला लागले, म्हणून बेबीबायने स्वतः टँकरचं स्टिअरिंग धरलं आणि मग सोडलंच नाही. नवरा गेला, मुलगा महेश कमावता झाला, त्याने हौसेने स्वतःसाठी लाल रंगाची टर्बो इंजिनवाली गाडी घेतली. थोड्याच दिवसांत महेश स्कूटरवर आणि आई गाडीत अशी वाटणी झाली.

मी डोंबिवलीची, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, आणि मुळात तापट. दिवसभर लोक माझ्याशी वॉरंटीवरून भांडतात आणि मला हसून बोलावं लागतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझं डोकं फिरलेलं असतं. पण बेबीबाय आली की मी माझी चिडचिड विसरायचे, कारण तिची माझ्याहून मोठी असायची. एकदा ब्रेक आवाज करतात म्हणून तिच्याबरोबर चक्कर मारायला निघाले, तर फाट्यावर हीऽऽ गर्दी. ट्रेलर आडवा, रिक्षा तिरप्या, सगळे हॉर्न वाजवतायत आणि कुणीच हलत नाही. ही आधी स्टिअरिंगवर बोटं आपटत बसली, मग "तू बस इकरं" म्हणून दार उघडून उतरली, पदर खोचला आणि थेट ट्रेलरच्या पुढे. "ए दाढी! मागं घे! तुज्या मागं काय समुद्र हाय?" ट्रेलर मागे गेला. रस्ता सुटला. मी मात्र सीटवर अंग चोरून बसले होते, कुणी ओळखीचं पाहील म्हणून.

"चल, सुटू," हे तिचं पालुपद. चहा संपला, चल सुटू. बिल भरलं, चल सुटू. कुणाच्या साखरपुड्यात जेवणाची पंगत उठली, चल सुटू. हे 'सुटू' आलं कुठून ते तिनेच एकदा सांगितलं. सासरी शर्यतीचे बैल होते. त्यांना अंघोळ घालणं, तेल चोळणं, चारा-पेंड, पहाटे फिरवून आणणं, सगळं हिच्याकडे. पण शर्यतीच्या दिवशी कासरा धरायचा धाकट्या दिराने, काशिनाथने. बायका मागे, भाकऱ्यांपाशी. "बैल माज्या हाताचा, आनि सुटताना मी बगाचा बी नाय. नुसता आरडा आयकाचा," ती म्हणाली. काचेवर किल्ली टकटक आपटत होती. मला तेव्हा त्या न पाहिलेल्या काशिनाथचा असा राग आला म्हणून सांगू.

आमच्याकडे घोडबंदर रोडचा एक आयटीवाला यायचा. घाटापलीकडे एक ट्रॅक आहे, सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांना आपापली गाडी पळवायला देतात, असं तो कॉफी पीत सांगत होता. बेबीबायने त्याला असा धरला की त्याची कॉफी गार झाली. बायका चालतात का? वय बघतात का? साडी चालते का? तो गेल्यावर मी तिला स्पष्ट सांगितलं, "हे बघ बाय, ट्रॅकवर गेलीस म्हणून सगळी वॉरंटी जात नाही. पण तिथे पळवून जे बिघडेल, ते कंपनी भरून देत नाही. रेस, शर्यत, ट्रॅक, सगळं वॉरंटीच्या पुस्तकात छापलंय."

"पुस्तकान माजा नाव हाय?"

"नाही."

"मंग झाला तर."

गेली. महेशला बाजूला बसवून घाट चढून गेली, महेशचीच ट्रॅक पँट घालून. तिथे वेळ लावून फेऱ्या झाल्या आणि महिलांत तिला पहिला कप मिळाला. महिला किती होत्या असं मी विचारलं, तर म्हणाली, "माना मोजाला कनाला लावतंस? पयली ती पयली."

आता आमच्या भागात कुणाला दहावीत बरे मार्क पडले, कुणाच्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी नाक्यावर बॅनर लागतो. बेबीबायचा न लागता तरच नवल. महेशनेच लावला. फाट्याच्या अलीकडे, सिग्नलला थांबलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत जाईल असा. लाल गाडीला टेकून बेबीबाय उभी, हेल्मेट काखेत, कपाळावर टिकली, आणि वर 'रेसिंग ट्रॅकवर प्रथम क्रमांक, हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांची ही रांग. भाचे, पुतणे, मित्रमंडळ, देवळाचे विश्वस्त. काशिनाथचं नाव नव्हतं.

उलट तो देवळाच्या ओट्यावर बसून सांगत सुटला, की गाडी महेशने पळवली, ही नुसती फोटोपुरती उभी राहिली. "हेल्मेट काखेत घेतला म्हंजे चालवली नाय." लोक हसले. महेश सांगायला गेला, तर आईची बाजू घेतोस म्हणून त्यालाही हसले. बेबीबायने मला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तिच्या बोटातली किल्ली थांबलेली मी पाहिली. "कप दाखवला, तर बोलतो कप दुकानान मिलतो," एवढंच म्हणाली, आणि चल सुटू न म्हणताच निघून गेली.

आणि नेमका त्याच सुमारास गाडीचा टर्बो बसला. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा भरणारा भाग. तो गेला की गाडी धूर ओकते आणि चढाला रडते. सोबत डाव्या दाराची काचही खाली यायची बंद झाली होती, ते वेगळंच. गाडी टो करून आमच्याकडे आली. महेश मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "ताई, कंपनीने भरून दिलं तर ठीक. नाहीतर मी गाडी विकणार. पैसा सगळा बिल्डिंगमध्ये अडकलाय. आणि आईचं वय बघा. मी तिला बोललेलो, पण ऐकते का ती?" म्हणजे क्लेम नाकारला की बेबीबायची गाडी गेली. तिलाही हे माहीत होतं.

कंपनीचा इंजिनियर तपासणीला आला. नाशिककडचा, शांत, पापभीरू माणूस. त्याने लॅपटॉप जोडला, मान हलवली. बेबीबाय, महेश आणि काशिनाथ, तिघंही हजर. घरातला वडीलधारा माणूस बोलेल म्हणून महेशनेच काकाला आणलं होतं. इंजिनियर म्हणाला, "इंजिन खूप तापलंय. पण ते घाटात दामटली तरी तापतं. गाडी कुठे तापली ते मशीन सांगत नाही." मग जरा घुटमळला. "येताना सिग्नलला अडकलो होतो. तिथे एक बॅनर दिसला."

काय बोलणार? शिकलेल्यांनी तयार केलेलं वॉरंटीचं पुस्तक, अन् आम्ही तिथल्या तिथे पुरावा वीस फुटी छापून चौकात टांगलेला! मी कपाळाला हात लावला.

महेश सावरून म्हणाला, "साहेब, तो पोरांनी गंमत म्हणून बनवलाय. फोटो नुसता काढलेला."

इंजिनियरलाही ते हवंच होतं. "चालवणाऱ्यांनी तसं सांगितलं की झालं. आजी, तुम्ही ट्रॅकवर चालवली नाही ना? नाही म्हणा, मी पास करून पुढे पाठवतो."

बेबीबाय काचेपाशी उभी. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, नाही म्हण, बाई, नाही म्हण, गाडी वाचव. ती 'नाही' म्हणणारच होती, मला आजही तसंच वाटतं. तेवढ्यात काशिनाथ पुढे सरसावला. खरं तर बिचारा मदतच करायला आला होता. "मी सांगतो ना साहेब. ही कुटं चालवते रेसमदी? फोटोला उबी राहिली. बायांचा काम हाय का ते?"

झालं. बेबीबायने रिसेप्शनची खुर्ची ओढली, खोलीच्या मधोमध ठेवली आणि बसली. आमच्याकडे पहिल्यांदाच बसली. दोन्ही हात पुढे धरले, जणू स्टिअरिंग, आणि दिरावरून नजर न हलवता सुरू झाली.

"झेंडा पडला. सुटलो. सरल रस्ता, तिसरा गेर, चवथा गेर. म्होरं उजवा वलण. माना सांगितलेला इकरं ब्रेक मार. नाय मारला. म्होरं जाऊन मारला." तिचा पाय फरशीवर आपटला. "मागून ती दुसरी बाय आली, निली गारी. मी गेर खाली टाकला, इंजिन बोंबलला, काटा लालमदी. सोडला नाय."

"बाय, बास," मी म्हणाले. प्रत्येक वाक्यागणिक क्लेम मरत होता.

"थांब गो. काटा लाल होता, महेश बोलला आई हलू, मी बोलले गप बस. पुरी फेरी लालमदीच काढली. तवाच वास आला. घरी येतपरत गारी खोकत होती." तिने हात खाली घेतले. धापा टाकत होती. "मीनी चालवली, साहेब. मीनीच बिघरवली. लिव."

महेशचे डोळे भरून आले होते. काशिनाथ जमिनीकडे बघत होता. शर्यतीत आयुष्य गेलेला माणूस तो, खरं वर्णन कुठलं आणि रचलेलं कुठलं, ते त्याला न कळायला काय झालं?

इंजिनियरने चष्मा पुसला. "आजी, आता टर्बोचा क्लेम नाकारावा लागेल. काचेचा मात्र पास करतो. तिचा ट्रॅकशी संबंध नाही."

"मंजे काच कंपनीची आनि लाल काटा माजा," ती म्हणाली. "बरोबर हाय."

गाडी विकली गेली. डाव्या काचेची मोटर नवी कोरी बसवून. न्यायला आलेल्या माणसाला बेबीबायने स्वतः किल्ली दिली आणि गाडी गेटबाहेर पडेपर्यंत पाठमोरी उभी राहिली. मला रडू आवरेना आणि रागही आवरेना. म्हटलं, "एक 'नाही' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"गारी ऱ्हायली असती," ती म्हणाली, "आनि मी नसती ऱ्हायली तिच्यान."

पण रडत बसेल ती बेबीबाय कसली! आठवड्याभरात फाट्यावर दुसरा बॅनर. तोच फोटो, वर 'कंपनीने मान्य केले! रेसमध्ये गाडी पळवल्याबद्दल वॉरंटी नाकारली, बेबीबाई यांचे त्रिवार अभिनंदन'. मी रिक्षात एकटीच खो खो हसले, रिक्षावाला आरशातून बघायला लागला. शुभेच्छुकांत काशिनाथ याही वेळी नव्हता. त्यानंतर ती पुन्हा टँकरवर दिसायला लागली. दिव्याच्या रस्त्याला, हॉर्नवर हात ठेवून. मला बघितलं की वरून ओरडायची, "गो बय, याची वॉरंटी काढ!"

मागच्या वर्षी गेली. घरीच, दुपारच्या झोपेत. जिला दोन घटका एका जागी बसवत नव्हतं तिला असं पडल्या पडल्या मरण यावं, याचाही मला रागच आला. बातमी कळली तेव्हा मी कामावर होते. उठले आणि काचेपाशी जाऊन उभी राहिले, बराच वेळ.

दहाव्याला गेले तेव्हा फाट्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लागला होता. आमच्याकडे अशा बॅनरवर साडीतला, हात जोडलेला फोटो असतो. इथे बेबीबाय ट्रॅक पँटमध्ये, लाल गाडीला टेकून, हेल्मेट काखेत. मी महेशला म्हटलं, "बरं केलंस रे, हाच लावलास."

"मी नाही, ताई," तो म्हणाला. "मी देवळातला काढलेला, हिरव्या साडीतला. काका बोलले, तो लावणार असशील तर खाली माझं नाव टाकू नको."

मी बॅनरच्या खाली पाहिलं. शोकाकुलमध्ये पहिलंच नाव काशिनाथचं होतं.