वकिलातीचा मुराळी

नवरा-बायकोनं आपण नवरा-बायको आहोत हे सरकारला पटवून द्यायचं, हा माणसाचा अपमान आहे. माझं हे मत तेव्हाही होतं, आजही आहे. या विषयावर मी पत्रक काढणार होतो. मसुदा तयार होता. बायकोनं तो वाचला, ओट्यावर पसरला आणि त्यावर कांदे चिरले.

बायको अमेरिकन. नदीवरच्या पाणी योजनांचा अभ्यास करायला कोल्हापुरात आलेली. मी दिवसा शिरोलीच्या फौंड्रीत आणि संध्याकाळी पत्रकं लिहिण्यात. निम्म्या पत्रकांत मी अमेरिकेलाच धारेवर धरलेलं. एका मोर्चात ही माझ्यापाशी आली ती माझ्या पत्रकातली चूक दाखवायला. मी एक गाव नदीच्या भलत्याच काठाला टाकलं होतं. त्यातनं ओळख झाली, भांडणं झाली, मग नोंदणी लग्न झालं. तीन वर्षांत ती गल्लीची अशी काही झाली की म्हशीची धार माझ्यापेक्षा चांगली काढायची आणि भाजीवालीशी माझ्या आईपेक्षा मोठ्यानं भांडायची.

मग तिकडनं पत्र आलं. तिची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. घरात दुसरं माणूस नाही, ही एकुलती एक. आता काही वर्षं तरी आईजवळ राहायला हवं होतं. मला मागं ठेवून जायची तिची तयारी नव्हती, माझीही नव्हती. म्हणून तिनं कोल्हापुरात बसून मुंबईच्या वकिलातीकडं अर्ज केला, की माझ्या नवऱ्याला अमेरिकेत कायम राहायचा व्हिसा द्या. ज्या देशाविरुद्ध मी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, त्याच्याच दारात मी उभा!

कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं विचारलंच, “काय पुढारी, मोर्चा आता तिकडनं काढनार काय?”

वकिलातीनं कळवलं, चौकशीला माणूस येईल. लग्न खरं की खोटं हे बघायला येणार, असं आम्ही धरून चाललो. बायकोनं मला बजावलं, “तू पाणी द्यायचंस आणि गप्प बसायचंस.”

“आणि भाषणस्वातंत्र्य?”

“ते पावणं गेल्यावर.”

पावणे आले. मुंबईचा मराठी माणूस, एसटीनं हाडं खिळखिळी झालेला, काखेत कागदांची बॅग. आल्याआल्या म्हणाले, “मी काही घेणार नाही. चहासुद्धा नाही. नियम आहे.”

स्वयंपाकघरात आईनं मला गाठलं. “कोन हाय रं ह्यो?”

“तिच्या देशाच्या कचेरीतनं आलाय. आमाला तिकडं न्यायचं त्याच्या हातात हाय.”

आईचा चेहरा उजळला. “म्हंजे मुराळी की!”

सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. तीन वर्षांत सुनेला न्यायला कुणी आलं नव्हतं, आणि गल्लीतल्या बायका आईला टोचायच्या, “अमेरिकेचा मुराळी वाट चुकला काय?” आज तो दारात होता. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. बायकांना निरोप गेला. बायकोनं डोक्यावर पदर घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. मला यातलं काही कळेना. असल्या रूढींवर मी दोन पत्रकं काढलेली, पण त्यांचे नियम कधी विचारले नव्हते.

लग्नाचा मुद्दा चुटकीसरशी मिटला. खिडकीतनं शेजारीण म्हणाली, “खोटं लगीन? अवो, रोज भांडत्यात. खोटं असतं तर एवढं कशाला भांडली असती?” पावण्यांनी मान डोलावून लिहून घेतलं.

“आता दुसरं,” ते म्हणाले. “ज्या बाईला स्वतःलाच अमेरिकेत राहायचं नाही, तिच्या नवऱ्याला व्हिसा मिळत नाही. या इतकी वर्षं इथं आहेत, म्हणून विचारायला लागतं.” मग आईकडं वळून, “काय आई, सुनेला पाठवणार ना?”

आईनं पदर सावरला. “न्हाई.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“म्हशीची धार कोन काढंल? सन तोंडावर आल्यात. आमी न्हाई पाठवत.”

“व्हय की! अशी कशी पाठवायची?” खिडकीतनं साथ आली.

पावण्यांनी दाराआड बघितलं. “तुमचं काय म्हणणं?”

बायको खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत होती. तोंडातनं शब्द नाही! सगळ्या जगाला तोंडावर बोलणारी बाई! पावण्यांनी सुस्कारा सोडला आणि लिहिलं. मी मागं उभा होतो, मला दिसलं : ‘पत्नीचा परत जाण्याचा विचार दिसत नाही.’

तिकडं एक म्हातारी अंथरुणात खिळलेली, आणि इकडं माझ्या आईनं एका शब्दात रस्ता बंद केला. माझा बांध फुटला.

“आई, काय बोलतीयास हे! आणि तुम्ही हो? बाईच्या मनात काय आहे ते सासूला विचारता? ही कुठली लोकशाही?”

“त्यांनाही विचारलं,” पावणे शांतपणे म्हणाले. “त्या बोलत नाहीत.”

दाराआडनं आवाज आला. “अवो, माझी बोलायची पाळी कुठं आलीया अजून?”

सगळे तिकडं बघायला लागले. पदर न पाडता ती बाहेर आली.

“मुराळ्यानं पहिल्या न्हाईवर उठायचं नसतं. सासू लगेच हो म्हणाली, तर सून जड झालीय असं दिसतं. म्हणून दोनदा न्हाई, मग हो. तोवर मी गप्प. तुम्ही इचारा की परत.”

“मी विनवणी करायची?”

“मग काय, मी करू?”

“हे नियमात नाही.”

“तुमच्या न्हाई,” आई म्हणाली. “आमच्या हाय.”

पावण्यांनी पेनाला टोपण लावलं. घसा खाकरला. “आई, पोरीची आई आजारी आहे. पाठवा.”

“बघू. कामं लई हाईत.”

“पाठवा हो. आशेनं आलोय.”

आईनं विचारलं, “किती दिसासाठी?”

खिडकीतल्या बायका आणखी पुढं वाकल्या. हे आईला सांगायचं काम माझं होतं आणि मी ‘जाऊन येतो’ एवढंच सांगत आलो होतो. बायकोनं माझ्याकडं बघितलं. “आता बोल.”

हजार माणसांपुढं बिनमाईक बोलणारा मी, मला वाक्य सापडेना. “आई, दिसासाठी न्हाई. ऱ्हायलाच. वर्षं लागतील.”

“सुचलं व्हय तुला तोंड उघडायला?” आई म्हणाली. “पोरीनं मला कवाच सांगितलंय, धार काढताना. तुझ्याकडनं ऐकायचं व्हतं.” मग पावण्यांना, “माझी आई गडहिंग्लजला अशीच पडून व्हती. भाऊ न्यायला आलता. माझ्या सासूनं तीनदा न्हाई म्हटलं, चौथ्यांदाबी. लिव्हा तुमी. सून जानार, आईपाशी ऱ्हानार. आन् ह्यालाबी न्या. हितं नुसते कागद काळे करतोय.”

पावण्यांनी आधीची ओळ खोडली आणि खाली बराच वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी नियमाप्रमाणे काही खाल्लं नाही. आईनं तिच्या नियमाप्रमाणे झुणका-भाकरी फडक्यात बांधून त्यांच्या बॅगेत कोंबली. दोन्ही सरकारं राजी.

व्हिसा आला. आम्ही गेलो.

दोन वर्षांनी आईनं शेजारणीकडनं लिहून घेतलेलं पत्र आलं : ‘मुराळी कुनाला धाडू? तूच हो. दिवाळीला सुनेला घिऊन ये.’ तोवर माझी सासू काठी घेऊन चालायला लागली होती. मी तिच्यापुढं जाऊन, शब्द जुळवून, विचारलं. तिनं चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं आणि सरळ नाही म्हणाली. बर्फाचे दिवस येतायत, अंगणातला पाला तसाच पडलाय, बघू पुढच्या वर्षी.

मी हिरमुसून उठायला लागलो. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. डोक्यावर घ्यायला पदर नव्हता, म्हणून भांडी पुसायचं फडकं घेतलं होतं.

“बस खाली,” ती हळूच म्हणाली. “परत इचार की.”