प्रेस मशीनचा झेंडू

आता तुम्ही हसणारच, तेव्हा आधीच सांगून टाकतो: हा घोटाळा मी अत्यंत काटेकोरपणे केलेला आहे!

एम.एस्सी.च्या प्रकल्पात झेंडूचं पिवळं रंगद्रव्य तीन पद्धतींनी काढून, सरस कोणती ते मला ठरवायचं होतं. फुलं द्रावकात नुसती भिजवायची. किंवा भिजवून ध्वनिलहरींनी हलवायची. किंवा सॉक्सलेट, म्हणजे द्रावक उकळून फुलांवरून पुन्हा पुन्हा फिरवायचं. काम जमलं, तर परिसंवादात बोलायला माझ्या मार्गदर्शक मॅडम मलाच पाठवणार होत्या.

झेंडू मिळाला चिखलीत, मामाच्या वर्कशॉपमध्ये. दसऱ्याला तिथल्या मशीनना असे भरगच्च हार, की नवरदेवानं लाजावं! दुसऱ्या दिवशी मी ते उतरवले. सरमिसळ नको म्हणून प्रत्येक मशीनची पिशवी वेगळी. लेथचा हार भिजवला, ड्रिलचा ध्वनिलहरींत, प्रेसचा सॉक्सलेटमध्ये. आहे की नाही शिस्त?

सॉक्सलेटनं कितीतरी पट अर्क दिला! मी लगेच फोन लावला.

"मामा, प्रेसचा हार पहिला आला!"

"काय सांगतो राव! अरे ऐकलं का, आपली प्रेस कॉलेजात पहिली आली!" मामानं पेढेही वाटले.

मॅडमनी बाटली उजेडात धरली. "वा! फार नेटकं काम आहे हो तुमचं."

मी फुललो. मग त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला.

"हा झेंडू कुठला?"

"प्रेसवरचा, मॅडम."

"आणि भिजवलेला?"

"लेथवरचा."

"म्हणजे तुलना पद्धतींची केलीत की मशीनची? अहो, माझी स्कूटर सर्व्हिसिंगहून येते ना, तेव्हा हाच वास येतो!"

तेल! अर्क म्हणून मी प्रेसचं तेल तोलत होतो!

पण मॅडमचा मोठेपणा पाहा. आवाजही चढला नाही. "ताजी फुलं आणा, सगळी एकत्र मिसळा, मग तीन वाटे करा. परिसंवादाला तुम्हीच जाल." असे गुरू भाग्यानंच मिळतात.

मामाला मान खाली घालून सगळं सांगितलं, तर तो उडालाच. "म्हणजे तेल हारापर्यंत उडतंय! प्रेसचं तेल रोज कमी होतंय अन् मेकॅनिकला गळती घावंना. भाच्या, तू शोधलीस की!"

पुढे परिसंवाद उत्तम झाला. काल शेजारच्या वर्कशॉपचे भाऊ दारात उभे, हातात झेंडूचा हार. मी विनयानं मान झुकवली. "सत्काराची काय गरज होती, भाऊ?"

"सत्कार कसला? कॉम्प्रेसरला घालून ठेवला होता. गळती कुठंय, तेवढं बघून सांगा."