सात वाजताची रिंग

आमच्या संस्थेच्या ऑफिसात ताई एकच. वयाने माझ्याहून लहान, पण मीही तिला ताईच म्हणतो. तिच्या रागापुढे शहाणपण चालत नाही. पूर्वी ती नर्स होती. आता तुरुंगातून सुटणाऱ्या एचआयव्हीच्या रुग्णांना ती फाटकाशीच गाठते आणि बाहेर त्यांच्या गोळ्यांत खंड पडू देत नाही. म्हणजे तसं अहवालात असतं. अहवाल मीच लिहितो, म्हणून सांगतो.

आत गोळी चुकत नाही. संध्याकाळची मोजणी झाली की शिपाई समोर उभा राहून गिळायला लावतो. बाहेर ना मोजणी, ना शिपाई, आणि वर घरच्यांपासून लपवायचं. ताईने यावर साधा उपाय काढला. सातच्या सुमारास एकेकाला ती एक रिंग देऊन फोन कापायची. त्याने गोळी घ्यायची आणि एक रिंग परत द्यायची. बोलणं नाही, घरात कुणाला पत्ता नाही. त्या वेळेला तिच्याशी बोलायला जाणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं.

या सगळ्यांत एक जण पक्का, धंद्याने शिंपी; सगळे त्याला शिंपीच म्हणायचे. सुटताना त्याला महिन्याच्या गोळ्या मिळाल्या, आणि पुढच्या गोळ्या घ्यायला घराजवळच्या एचआयव्ही केंद्राची चिठ्ठी. बाटलीवरचं लेबल त्याने फाटकाबाहेरच नखाने खरवडून काढलं.

"आईला ताकदीच्या गोळ्या म्हणून सांगेन," तो म्हणाला. "तिला कळता कामा नये, ताई. शपथ घ्या."

ताईने घेतली.

शिंप्याची रिंग पाच मिनिटांत यायची. बाकीच्यांच्या नावाने ताई बोटं मोडायची आणि त्याचं उदाहरण द्यायची. तीन महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. मीही कौतुकाने ते अहवालात लिहिलं.

मग एका दुपारी एक म्हातारी आमच्या दारात उभी राहिली. एका हातात चपला, दुसऱ्या हातात फोन आणि ऑफिसचं कार्ड. त्या कार्डावर आम्ही मुद्दाम पत्त्याशिवाय काही छापत नाही.

"हजेरी इथेच घेतात ना?" तिने विचारलं. "मी शिंप्याची आई."

ताईने तिला खुर्ची दिली. ती टेकली नाही.

"रोज साताला तुमची रिंग यायची, हा परत द्यायचा. मला बोलला नाही, पण मला काय कळत नाही? सुटला तरी तुरुंगवाले हजेरी घेणारच. महिन्याभरात त्याच्या ताकदीच्या गोळ्या संपल्या आणि हा फोनकडे बघेचना. म्हटलं, चुकली तर परत आत नेतील. तेव्हापासून मीच देते. एक दिवस चुकवला नाही, बाई! आता तापाने फणफणलाय, मोठ्या दवाखान्यात ठेवलाय. आज उशीर झाला तर गैरहजर लावू नका, एवढंच सांगायला आले."

मला म्हातारीचा राग आला, मग शिंप्याचा, मग आमच्या त्या हुशार युक्तीचा. दोन महिने त्याच्या पोटात गोळी नव्हती, आणि मी अहवालात 'एकही खंड नाही' असं लिहीत होतो.

आम्ही दोघं तिच्यासोबत गेलो. खाटेवर नुसती हाडं होती. ताईने आईला पाणी आणायला पाठवलं.

"केंद्रावर गेलो होतो," शिंपी म्हणाला. "आमच्याच गल्लीतली बाई तिथे झाडू मारत होती. दारातूनच परतलो."

"मला एक फोन करायचा होतास, बाबा!"

"तुम्ही फार चिडता, ताई."

ती चिडली नाही. त्याचं पांघरूण सारखं करत राहिली.

डॉक्टरांनी उपचार सुरू केले, पण फार उशीर झाल्याचंही स्पष्ट सांगितलं. व्हरांड्यात म्हातारीने ताईचा हात धरला. "उद्याची हजेरी इथून दिली तर चालेल?"

ही हजेरी नाही, हे सांगायचं तर गोळ्यांचं सांगावं लागणार. शपथ आडवी आली.

"चालेल," ताई म्हणाली.

त्यानंतर रोज साताला ताई रिंग द्यायची आणि दवाखान्यातून एक रिंग परत यायची. नऊ दिवस आली. दहाव्या दिवशी आली नाही. ताई फोन समोर ठेवून बसली होती, मीही घरी गेलो नव्हतो. साडेसाताला फोन वाजला आणि एका रिंगवर थांबला नाही. तिने उचलला. म्हातारीचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला.

"ताई, आता त्याचं नाव काढा हजेरीतून. त्याला न्यायला कुणाला पाठवू नका."